निवड समितीत डावखुरी मी एकटीच

प्रश्न : मी नागपुरातल्या एका खासगी शाळेत पर्यवेक्षिका आहे. दर जूनमध्ये तासिका तत्त्वावरचे शिक्षक निवडायला आमची तिघांची समिती बसते. मी डावखुरी, बाकी दोघे उजव्या हाताचे. यंदा शेवटी दोन उमेदवार उरले. त्यांचे अर्ज टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले होते आणि माझं मत डावीकडच्या बाईंना होतं. तेव्हा एक सर हसत म्हणाले, "मॅडम, तुमचा हात डावा, तर तुमचा कौलई डावीकडेच जाते ना जी!" डावखुऱ्यांना डावीकडचं आवडतं आणि ते डोक्यापेक्षा मनानं ठरवतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. पुढची चर्चा माझ्या हातावरच घसरली आणि उजवीकडचे उमेदवार घेतले गेले. यात तथ्य आहे का? असेल तर मी समितीतून बाजूला व्हावं का? आणखी एक. माझा मुलगाही डावखुरा आहे, यंदा पहिलीत जाईल. सासूबाई त्याला 'डेबऱ्या' म्हणतात आणि आत्ताच हात बदलून टाक म्हणून मागे लागल्या आहेत.
— एक वाचक, हनुमाननगर, नागपूर

उत्तर : ताई, समितीतून उठू नका. सरांनी वाचलेल्यातलं अर्धं खरं आहे. पण ते अर्धं त्यांनाही तेवढंच लागू होतं, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. उरलेलं अर्धं निव्वळ ऐकीव आहे.

आधी खरं काय ते पाहू. डॅनियल कासासांतो या संशोधकानं 2009 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कागदाच्या मधोमध एक माणूस, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक रिकामा चौकोन. या माणसाला एक प्राणी फार आवडतो आणि दुसरा अजिबात आवडत नाही. कोणता प्राणी कुठल्या चौकोनात काढाल? उजव्या हाताच्या बहुतेकांनी आवडता प्राणी उजवीकडे ठेवला, डावखुऱ्या बहुतेकांनी डावीकडे. पुढं हेच दोन रकान्यांत छापलेल्या वर्णनांवर करून पाहिलं. दोन वस्तूंपैकी कोणती घ्याल, दोन अर्जदारांपैकी कोणाला नोकरी द्याल? तिथंही उजव्या हाताचे लोक उजव्या रकान्याकडे झुकले आणि डावखुरे डाव्या. हाताचा वापर न करता नुसतं तोंडी उत्तर दिलं तरी हा कल टिकतो, म्हणजे पेन ज्या बाजूला सहज पोचलं तिकडं खूण झाली, एवढ्यावर हे उडवून लावता येत नाही.

कारण कोणतं, याचं उत्तर दोन वर्षांनी मिळालं. कासासांतो आणि एव्हान्गेलिया क्रिसिकू यांनी 2011 मध्ये उजव्या हाताच्या लोकांना एका हातात बर्फात घालतात तसला जाडजूड हातमोजा घालायला लावला. जोडीतला दुसरा मोजा त्याच मनगटाला लोंबता ठेवला, म्हणजे तो हात पुरता बेंगरूळ झाला. मग साधारण 12 मिनिटं दोन्ही हातांनी डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर उभ्या करायला सांगितल्या. ज्यांच्या उजव्या हातात मोजा होता, त्यांना त्यानंतर 'चांगलं' डावीकडे वाटू लागलं, डावखुऱ्यांसारखं. पक्षाघातानं उजवी बाजू लुळी पडलेल्या, मुळात उजव्या हाताच्या रुग्णांतही हेच दिसलं. म्हणजे या कलाचं मूळ स्वभावात नाही. ज्या बाजूला हात सुरळीत चालतो ती बाजू बरी वाटते, एवढंच. 12 मिनिटांत जे तात्पुरतं का होईना उलटतं, त्याला कोणाची 'वृत्ती' म्हणता येणार नाही.

आपल्याकडे एक शंका लगेच येते. प्रसाद घ्यायचा उजव्या हातानं, हळदीकुंकू लावायचं उजव्या हातानं, उंबरठ्यावर पाऊल टाकायचं तर तेही उजवं. मग आपल्या संस्कारांनी हा कल आणखी पक्का होत नसेल का? स्पेन आणि मोरोक्को इथल्या लोकांची तुलना 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. मोरोक्कोत डाव्या हाताबद्दलचा निषेध स्पेनपेक्षा कडक आहे. उघड विचारलं तर मोरोक्कोतले लोक उजवं म्हणजे चांगलं असं जास्त ठामपणे सांगतात. पण नकळत होणाऱ्या निवडीत तिथल्या उजव्या हाताच्या लोकांचा कल स्पेनमधल्यांपेक्षा जास्त निघाला नाही. रीतिरिवाज जिभेवर बसतात, आतला कल मात्र हाताच्या रोजच्या वापरावर ठरतो, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता सरांच्या ऐकीव भागाबद्दल. 'डावखुरे उजव्या मेंदूचे, म्हणून भावनेवर चालणारे' हे समीकरण टिकत नाही. उजव्या हाताच्या सुमारे 95 टक्के लोकांत भाषेचं मुख्य काम डाव्या मेंदूत चालतं. डावखुऱ्यांतही सुमारे 70 टक्के लोकांत ते डावीकडेच असतं. हात बदलला म्हणून मेंदू आरशात पाहिल्यासारखा उलटा होत नाही. डावखुरे लवकर मरतात, असंही 1991 मध्ये गाजलं होतं. त्यातली गफलत आजीच्या पिढीकडे पाहिलं की कळते. त्यांच्या लहानपणी हात मारूनमुटकून बदलले गेले, म्हणून म्हाताऱ्या माणसांत डावखुरे कमी सापडतात. ते मेले म्हणून नव्हे.

तर मग तुमचा निर्णय चुकला होता का? एका निवडीवरून ते कोणालाच सांगता येणार नाही, सरांना तर नाहीच. हा कल गटाचा आहे, अमुक माणसाचा अमुक निर्णय त्यानंच झाला असं म्हणता येत नाही. तो लहान आहे, आणि दोन गोष्टी जवळपास तोडीच्या असून शेजारी-शेजारी मांडलेल्या असतात तेव्हाच त्याला वाव मिळतो. एका उमेदवाराला वर्ग सांभाळता येतो आणि दुसऱ्याला येत नाही, अशा वेळी फाइल कुठल्या बाजूला आहे यानं काही होत नाही. पण तुमच्या समितीची गाठ नेमकी तोडीच्या शेवटच्या जोडीशी पडते. आणि तुमचा कल डावीकडे धरायचा तर उरलेल्या दोघांचा उजवीकडे धरावा लागेल. तिघांत दोन मतं त्यांची! त्या दिवशी हाताचा हिशेब मांडायचाच होता, तर निवडल्या गेलेल्या उमेदवाराच्या बाजूनंही तो मांडायला हवा होता.

"पण मला तर खात्री आहे, मी गुणांवरच ठरवलं," असं तुम्ही म्हणाल आणि सरही म्हणतील. या खात्रीला फार किंमत देऊ नका. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग इथं सांगण्यासारखा आहे. दुकानात पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीनं मांडल्या आणि गिऱ्हाइकांना सर्वांत चांगली जोडी निवडायला सांगितली. डावीकडून उजवीकडे मोजलं तर 12, 17, 31 आणि 40 टक्के लोकांनी त्या-त्या जोडीला कौल दिला. विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, शिवण अशी कारणं दिली. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. जागेमुळे निवड झाली असं स्वतःहून कोणीच म्हटलं नाही. यात मात्र बाजू आणि क्रम गुंतलेले आहेत: पाहणारे डावीकडून उजवीकडे जातात, त्यामुळे उजवीकडची जोडी शेवटी पाहिली जाते. तुमच्या टेबलावरही हीच गुंतागुंत आहे. डावीकडचा अर्ज आधी वाचला जातो, उजवीकडचा नंतर, आणि नंतरचा ताजा राहतो. म्हणून उपाय करताना बाजू आणि क्रम दोन्ही हलवावे लागतात.

माणूस बदलण्यापेक्षा मांडणी बदलणं सोपं आहे, आणि त्याला कोणाची परवानगीही लागत नाही. पुढच्या जूनला असं करा.

अर्ज शेजारी-शेजारी ठेवूच नका. एका वेळी टेबलावर एकच फाइल. गुण भरले की ती मिटून बाजूला, मग दुसरी. गुण कशाचे हे फाइल उघडण्याआधी ठरलेलं हवं. चार मुद्दे पुरतात, प्रत्येकी 5 गुण: विषयाची पकड, फळ्यावरचं काम, मुलांना विचारलेले प्रश्न, बोलण्याची स्पष्टता. प्रत्येक मुद्द्यात 1, 3 आणि 5 म्हणजे काय ते एकेका ओळीत लिहून ठेवा. उदाहरणार्थ, फळ्यासाठी: 1 म्हणजे शेवटच्या बाकावरून वाचता येत नाही, 3 म्हणजे वाचता येतं पण मांडणी विस्कळीत, 5 म्हणजे तास संपल्यावर फळा पाहून मुलाला धडा सांगता येतो. असं लिहिलेलं नसलं की 'मला बरं वाटलं' हाच पाचवा मुद्दा होऊन बसतो, आणि बाजूचा कल शिरतो तो याच फटीतून.

उमेदवाराच्या नमुना पाठाच्या वेळी गुण जागच्या जागी भरा. अर्ज तपासताना मात्र आडवं जा: सगळ्या उमेदवारांचा पहिला मुद्दा, मग सगळ्यांचा दुसरा. एका उमेदवाराचे चारही मुद्दे सलग भरले की पहिल्या मुद्द्याची छाप पुढच्या तिन्हींवर पडते.

क्रम फिरवायचा असा. समजा सहा उमेदवार आहेत. पहिल्या सदस्यानं 1-2-3-4-5-6 या क्रमानं अर्ज पाहावेत, दुसऱ्यानं 3-4-5-6-1-2, तिसऱ्यानं 5-6-1-2-3-4. गुणतक्तेही याच तीन क्रमांनी छापून घ्या, म्हणजे एकच नाव तिघांच्या कागदावर वरच्या ओळीत येणार नाही. उमेदवारांची नावं रकान्यांच्या डोक्यावर आडवी टाकू नका, ओळींत उभी टाका. यादीत वर असण्याचाही थोडा फायदा असतोच, पण तो क्रम फिरवला की तिघांत वाटला जातो. पाठांचा क्रम सगळ्यांना एकच असतो, तिथं चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. अर्ज आला त्या तारखेनं ठरवू नका.

चर्चेआधी प्रत्येकानं गुण भरून, सही करून कागद घडी घालून द्यायचा. मग सर्वांत कनिष्ठ सदस्यानं आधी बोलायचं. आपल्याकडच्या समित्यांत हेच नेमकं बिनसतं: अध्यक्ष आधी "मला तर हे सर चांगले वाटले" म्हणतात आणि बाकीचे आपापल्या कागदावरचा 3 खोडून 4 करतात. हाताचा कल यापुढं किरकोळ आहे, खरं सांगायचं तर.

शेवटी दोघं उरले, एकूण गुणांत एका गुणाचा फरक, तर? तुलना टाळता येत नसेल तर बाजू प्रत्येक सदस्यासाठी नाणं उडवून ठरवा आणि तिघांनी वेगवेगळं बसून पाहा. एक बारीक गोष्ट इथं निसटते. टेबलाच्या समोरासमोर बसलेल्या दोन सदस्यांना त्याच दोन फाइली उलट्या बाजूंना दिसतात. तुमच्या डावीकडची फाइल समोरच्या सरांच्या उजवीकडे असते. त्या दिवशी सर तुमच्या शेजारी होते की समोर, ते आठवून पाहा. समोर असतील, तर त्यांच्या सिद्धान्तानुसार तुम्हां दोघांचं मत एकाच उमेदवाराला जायला हवं होतं.

काही जण सुचवतात की एकदा पाहून झालं की फाइली अदलाबदल करून पुन्हा पाहा. एकट्या माणसाला याचा फारसा उपयोग नाही. अर्ध्या तासापूर्वी कोणाला निवडलं हे लक्षात असतं आणि माणूस आपल्याच शब्दाला धरून राहतो. म्हणून मांडणी पहिल्यापासून सदस्यागणिक वेगळी हवी. आणि तिघांची मतं तरीही अटीतटीची निघाली, तर बरोबरी मान्य करा. बरोबरी मोडायचा नियम जाहिरातीआधीच इतिवृत्तात लिहिलेला असावा, जसं की त्या विषयाचा शिकवण्याचा अनुभव जास्त तो वर. तोही सारखा निघाला तर चिठ्ठी. चिठ्ठीला कोणताच हात नसतो.

बसण्याच्या जागेचंही पाहा. पाठ पाहायला उजव्या हाताशी लिहायची फळी असलेल्या खुर्च्या दिल्या असतील, तर तुम्हाला कंबरेतून वळून लिहावं लागतं, टिपणं कमी होतात, आणि चर्चेत ज्याच्याकडे टिपणं कमी त्याचं मत पडतं. साधं टेबल मागून घ्या.

सरांना उत्तर द्यायचंच असेल तर मोजून द्या. जुन्या वर्षांच्या, नावं झाकलेल्या, जवळपास सारख्या गुणांच्या अर्जांच्या 20 जोड्या कारकुनाकडून काढून घ्या. प्रत्येक जोडीत डावीकडे कोण हे नाण्यानं ठरवा. तुम्ही तिघांनी एकेकट्यानं प्रत्येक जोडीतला एक निवडायचा, मग डावीकडचे किती निवडले ते मोजायचं. काहीच कल नसेल तर हा आकडा 100 पैकी सुमारे 96 वेळा 6 ते 14 च्या दरम्यान येतो. तुमचे डावीकडचे 11 किंवा 12 आले तर ते नशिबाचं काम आहे, त्यावरून बोलू नये. 15 किंवा जास्त आले तर मात्र कल असण्याचा संशय रास्त आहे. सरांचे 5 किंवा कमी आले तर त्यांच्याही बाबतीत तोच. पाच-सहा जोड्यांवर हा खेळ करू नका. 6 पैकी 5 नुसत्या योगायोगानंही सहज येतात.

त्याआधी कोण किती डावखुरं, हेही एकदा तपासा, कारण 'लिहितो त्या हाताचा' ही खूण अपुरी आहे. ओल्डफील्ड यांनी 1971 मध्ये मांडलेल्या एडिनबरा चाचणीत दहा कामं आहेत: लिहिणं, चित्र काढणं, चेंडू फेकणं, कात्री, दात घासणं, सुरी, चमचा, झाडताना वरचा हात, काडी ओढणं आणि डब्याचं झाकण उघडणं. उजव्याच्या संख्येतून डाव्याची वजा करा, एकूण संख्येनं भागा, 100 नं गुणा. आठ कामं डाव्यानं आणि दोन उजव्यानं असतील तर उत्तर उणे 60. आपल्या घरांत चमचा बहुतेक वळण लावून उजवा केलेला असतो, तेव्हा तो उजव्यात पडला म्हणून गोंधळू नका. फेकणं आणि काडी ओढणं यांकडे जास्त लक्ष द्या, ती कोणी शिकवत नाही.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, साडी घेतानाही हे उपयोगी पडतं, जाता जाता सांगून ठेवते. गादीवरचा माणूस शेवटच्या दोन साड्या पसरतो तेव्हा त्याला त्या मागेपुढे ठेवायला सांगा, किंवा एक घडी घालून दुसरी एकटी पाहा. खर्च काही नाही.

आता मुलाचं. हात बदलू नका. जगात दर 10 माणसांत साधारण एक डावखुरा असतो आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. सासूबाईंशी वाद घालण्याऐवजी वाटणी करून घ्या: जेवण आणि देवाचं ताट उजव्या हातानं, ते मुलं सहज शिकतात, लिहिणं, चित्र, कात्री, चेंडू मात्र त्याच्या हातानं.

दोघांच्या बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवायला बाईंना सांगा, नाहीतर शेजाऱ्याच्या उजव्या कोपराशी याचा डावा कोपर दिवसभर भांडत राहील. वही छातीच्या मध्यापासून थोडी डावीकडे आणि तिचा वरचा भाग उजवीकडे कललेला ठेवा. वही सरळ राहिली की मूल मनगट वरून आकड्यासारखं वाकवून लिहायला लागतं, अक्षरावर हात फिरतो आणि शाई फिसकटते. पेन्सिल टोकापासून अडीच ते तीन सेंटिमीटरवर धरू दे, म्हणजे लिहिलेलं त्याला दिसेल. शिरोरेषा तो उजवीकडून डावीकडे ओढेल, ओढू द्या. डाव्या हाताला रेघ त्या दिशेनं खेचावी लागते, उलट दिशेनं ढकलावी लागते, आणि ढकललेली पेन्सिल कागदात रुतते. बाईंनी त्यावर लाल खूण करू नये, एवढं आधीच बोलून ठेवा.

कात्री डावखुऱ्यांची वेगळी मिळते, तीच आणा. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या दाबानं एकमेकांना चिकटतात. डाव्या हातात तोच दाब ती फाकवतो, कागद पात्यांत दुमडतो, आणि वरचं पातं कापायची रेघ झाकून टाकतं. कार्यानुभवाच्या तासाला मूल रडवेलं होतं ते यामुळे. 'दोन्ही हातांना चालते' असं वेष्टणावर छापलेल्या कात्रीत पुष्कळदा फक्त मूठ सारखी केलेली असते, पाती उजवीच असतात. दुकानातच उघडून पाहा: पाती वर करून धरली असता डाव्या बाजूचं पातं दुसऱ्याच्या पुढं, तुमच्याकडच्या अंगाला असेल तर ती डावखुऱ्याची.